भेट देण्यासाठी ताज्या गुलाबांची निवड

'गुलाब' हा शब्द फारसी भाषेतून आपल्याकडे आला. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. तेव्हा गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. या सुगंधी पाण्याचे नाव पुढे फुलालाच मिळाले. राजस्थानातील पुष्कर, उत्तर प्रदेशातील हाथरस व अलीगढ या भागांत दमास्क जातीचा गुलाब आजही मुख्यतः सुगंधासाठी पिकवितात. तो पहाटे खुडला जातो आणि विलंब न करता भट्टीवर चढविला जातो. फुलदाणीत चार दिवस टिकावे, अशी त्याच्याकडून कोणाची अपेक्षा नसते. हारांसाठी व पूजेसाठी वजनावर विकल्या जाणाऱ्या गावठी गुलाबाचेही तसेच आहे.

लांब देठाचा गुलाब भेट म्हणून देण्याची रीत त्यामानाने अलीकडची आहे. 'हायब्रिड टी' या वर्गातील गुलाबांनी ती रूढ केली. या वर्गातील पहिला गुलाब समजला जाणारा 'ला फ्रान्स' १८६७ साली फ्रान्समध्ये तयार झाला. भारतात या फुलाला लोकप्रियता मिळवून देण्यात डॉ. बी. पी. पाल यांचा वाटा मोठा आहे. १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेल्या या कृषिशास्त्रज्ञाने गुलाबाच्या अनेक नव्या जाती निर्माण केल्या. आज बंगळूरचा परिसर, तामिळनाडूतील होसूर, पुणे जिल्ह्यातील मावळ अशा ठिकाणी हरितगृहांतून गुलाब पिकविला जातो आणि तेथून तो दूरदूरच्या बाजारांत पोहोचतो. या प्रवासात फुलाचे काही आयुष्य खर्च होते. ते किती खर्च झाले आहे, हे ओळखणे म्हणजेच ताज्या गुलाबाची पारख होय.

झाडापासून तोडलेले फूल लगेच मरत नाही. त्याचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. मात्र अन्नाचा पुरवठा थांबलेला असल्याने ते आपल्या शिलकीवर जगते. कळीच्या पाकळ्यांत पिष्ट साठविलेले असते. त्याची साखर होते, पेशी पाणी ओढून घेतात, फुगतात आणि कळी उमलते. उष्णतेने हा खर्च झपाट्याने वाढतो. म्हणून गुलाब तोडल्यावर २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. दुसरा धोका पाण्याचा. देठातील बारीक जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरले किंवा जिवाणूंची वाढ होऊन त्या बुजल्या, की पाणी कळीपर्यंत चढत नाही. मग पाकळ्या अजून टवटवीत दिसत असतानाच फुलाची मान खाली लवते.

खरेदी करताना म्हणून प्रथम पाकळ्यांचा रंग न पाहता कळीचा तळ पाहावा. हिरव्या निदलांच्या किंचित वरचा भाग दोन बोटांत हलकेच दाबावा. तो घट्ट लागला तर फूल ताजे. मऊ, पोकळ लागला तर फूल जुने. निदले वळून खाली झुकलेली आणि बाहेरच्या एकदोन पाकळ्या सुटू लागलेल्या असाव्यात. निदले कळीला घट्ट चिकटलेली असतील, तर कळी अपक्व असताना तोडलेली असण्याचा संभव असतो. अशी कळी ताजी दिसते खरी, पण पुष्कळदा न उमलताच सुकते. कळीवर जाळीची टोपी चढविलेली असल्यास ती काढून मगच परीक्षा करावी.

सर्वांत बाहेरची पाकळी हिरवट, जाड किंवा किंचित डागाळलेली असली, तर तो दोष समजू नये. प्रवासात आतील पाकळ्यांचे रक्षण व्हावे म्हणून ती राखलेली असते. उलट, बाहेरच्या पाकळ्या सोलून जुनी फुले नवी भासविता येतात. अशा फुलात निदलांच्या मानाने पाकळ्या विरळ दिसतात. पाकळ्यांवरील ओलसर तपकिरी ठिपके बुरशीचे असतात. लाल गुलाबावर निळसर जांभळी छटा चढू लागली, तर ते वार्धक्याचे लक्षण होय. पाने पिवळी नसावीत. देठाचे टोक बुळबुळीत नसावे आणि बादलीतील पाण्याला दुर्गंधी नसावी. पाकळ्यांवर शिंपडलेले थेंब ताजेपणाची खूण नव्हेत. सुगंधावरूनही निर्णय करता येत नाही, कारण टिकाऊपणासाठी निवडलेल्या कित्येक जातींना वास जवळजवळ नसतोच. बाजारातील गडद निळे गुलाब रंगविलेले असतात.

परंतु ताजेपणाइतकाच प्रसंगाचाही विचार हवा. संध्याकाळच्या सत्कारासाठी अर्धे उमललेले फूल योग्य. ते काहीसे स्वस्त मिळाले तरी त्यात फसवणूक नाही. आजाऱ्याला किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या स्नेह्याला द्यायचे असेल, तर मात्र कळीच घ्यावी. तिचे उमलणे ज्याला भेट दिली त्याच्या घरी व्हावे, हे उचित. १४ फेब्रुवारीच्या सुमारास मागणी फार वाढते आणि त्यासाठी आधी तोडून शीतगृहात राखलेली फुलेही बाजारात येतात. त्या दिवसांत कळीचा तळ दाबून पाहण्याची दक्षता अधिक घ्यावी.

आजाऱ्याच्या भेटीला जाताना फळे व फुले एकाच पिशवीतून नेण्याची पद्धत आहे. पिकणाऱ्या केळ्यांतून व आंब्यांतून एथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्यामुळे अनेक जातींच्या गुलाबांच्या पाकळ्या अकाली गळतात. यास्तव दोन्ही वेगळी न्यावीत. काही रुग्णालयांत फुले नेण्यास मनाई असते, तेही आधी विचारून घ्यावे.

घरी आणल्यावर देठाचा दोनतीन सेंटिमीटर भाग धारदार चाकूने तिरपा कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढावीत व स्वच्छ भांडे घ्यावे. पाण्यात नुसती साखर घालू नये. तिच्यावर जिवाणूच पोसले जातात. रोज पाणी बदलले आणि ऊन व पंख्याचा वारा टाळला, तर चांगला गुलाब जातीनुसार पाच ते दहा दिवस टिकतो. गुलाब हाती देताना घेणाऱ्याला एवढे सांगावे, म्हणजे निवडताना घेतलेले श्रम वाया जात नाहीत.