गाठ गेली की व्रण उरला?

मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंटीमीटर लांबीचा भाग म्हणजे मलाशय. कमरेच्या हाडांच्या अरुंद कड्यात तो बसलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय किंवा प्रोस्टेट ग्रंथी त्याच्या अगदी लगत असतात. त्यामुळे येथे कर्करोग झाला तर शल्यविशारदाला हात फिरवायला जागा फार थोडी मिळते. गाठ गुदद्वाराच्या जवळ असेल तर कित्येकदा गुदद्वारही काढावे लागते आणि मलविसर्जनासाठी पोटावर कायमचे छिद्र करून तेथे पिशवी लावावी लागते. रोगी वाचतो, पण त्याचे पुढचे आयुष्य बदलून जाते.

अशा अनेक रोग्यांना शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार आणि कर्करोगावरील औषधे देतात. त्यांमुळे गाठ आक्रसते. काहींमध्ये ती पूर्णपणे नाहीशी होते. मग नाहीशा झालेल्या गाठीसाठी मलाशय कापायचे कशाला? ब्राझीलमधील साओ पाउलो येथील शल्यविशारद अँजेलिता हाब्र-गामा यांनी हा प्रश्न धीटपणे विचारला. २००४ मध्ये त्यांनी २६५ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७१ जणांमध्ये उपचारांनंतर गाठ सापडली नाही. त्यांच्यावर शस्त्रक्रिया न करता त्यांना काटेकोर देखरेखीखाली ठेवण्यात आले आणि त्यांतील बहुतेकांचा आजार उलटला नाही. या कल्पनेला बराच विरोध झाला. तो अगदीच अनाठायी नव्हता, कारण सारे काही एका गोष्टीवर अवलंबून होते : गाठ खरोखर गेली, हे ओळखायचे कसे?

बोटाने चाचपून आणि दुर्बिणीने पाहून मलाशयाचा आतला पृष्ठभाग समजतो. भिंतीच्या जाडीत आणि तिच्या पलीकडे काय चालले आहे, ते पाहण्यासाठी एम.आर.आय. लागतो. एम.आर.आय.चे चित्र आपल्याला राखाडी छटांचे दिसते. संगणकाच्या दृष्टीने मात्र तो आकड्यांचा तक्ता असतो. शरीराच्या प्रत्येक चिमुकल्या ठोकळ्यामागे एक आकडा. तेव्हा डोळ्यांनी पाहून अंदाज करण्याऐवजी हे आकडेच का वापरू नयेत?

सर्वांत साधे मोजमाप अंतराचे. मलाशयाभोवती चरबीचा थर असतो आणि त्याभोवती एक पातळ पडदा. शस्त्रक्रियेत हा सारा गठ्ठा पडद्यासकट काढतात. गाठीची कड पडद्यापासून १ मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असेल, तर कर्कपेशी मागे राहण्याचा धोका वाढतो. हे अंतर एम.आर.आय.वर आधीच भरवशाने सांगता येते, असे ‘मर्क्युरी’ नावाच्या युरोपीय अभ्यासाने २००६ मध्ये दाखवले. केवळ एका मिलिमीटरच्या फरकाने उपचारांचा क्रम बदलतो!

उपचारांनंतर गाठ किती आक्रसली, हे मोजणे त्या मानाने अवघड. गोल गाठीचा व्यास ३० टक्क्यांनी कमी झाला, तर तिचे आकारमान ०.७ × ०.७ × ०.७ म्हणजे ०.३४३ पट, साधारण एक तृतीयांश उरते. पण मलाशयातील गाठ चेंडूसारखी गोल नसते. नळीच्या आतल्या बाजूला माती लिंपावी तशी ती पसरलेली असते. अशा गाठीची फक्त लांबी मोजून फारसे कळत नाही. प्रत्येक छेदावर तिची कड आखून आकारमान काढावे लागते. आणि त्यातूनही मुख्य प्रश्न सुटत नाही. जिथे गाठ होती तिथे व्रण उरतो. त्या व्रणात कर्कपेशी दडल्या आहेत का?

येथे पाण्याच्या रेणूंची भटकंती कामाला येते. पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो पसरतो, हे विसरण मुलांना माहीत असते. गाठीत पेशी दाटीने भरलेल्या असल्यामुळे पाण्याच्या रेणूंना मोकळेपणे फिरता येत नाही. पेशी मेल्या की वाट मोकळी होते. एम.आर.आय. यंत्रात चुंबकीय क्षेत्राला जागेनुसार चढउतार दिला, तर जे रेणू हलले त्यांचा संकेत क्षीण होतो. समजा, चढउतार नसताना एका ठोकळ्यातून १००० एकके संकेत आला आणि चढउतार दिल्यावर ३६८. (चढउताराचे ‘बी-मूल्य’ १००० सेकंद प्रति चौ. मि.मी. धरू.) गुणोत्तर ०.३६८, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम उणे १. चिन्ह बदलून १००० ने भागले की विसरण गुणांक ०.००१ चौ. मि.मी. प्रति सेकंद येतो. दाट गाठीत तो साधारण एवढाच असतो. शरीराच्या तापमानाच्या शुद्ध पाण्यात तो सुमारे तिप्पट, म्हणून तेथे संकेत जेमतेम ५० उरेल. बारावीच्या मुलांनी हे गणित जरूर करून पाहावे.

उपचारांनंतर गुणांक वाढला म्हणजे गाठ गेली, असे मात्र म्हणता येत नाही. काही गाठी श्लेष्मा बनवतात. त्यात पाणी भरपूर असल्याने गुणांक मुळातच मोठा असतो. उलट जुन्या व्रणात तंतू जास्त आणि पाणी कमी असल्याने तो लहान येऊ शकतो. शिवाय मलाशयात वायू असतो, आणि हवेच्या कडेशी चुंबकीय क्षेत्र बिघडून चित्र वेडेवाकडे होते. म्हणून काही ठिकाणी तपासणीपूर्वी छोटा एनिमा देतात. दोन यंत्रांवर, किंवा एकाच यंत्रावर दोन दिवशी, आकडा थोडा वेगळा येतोच. त्या फरकाहून मोठा बदल दिसला तरच तो खरा मानायचा, हा प्रयोगशाळेतला जुना नियम येथेही पाळावा लागतो.

याच्याही पुढे जाऊन गाठीचा पोत मोजता येतो. शेजारशेजारच्या ठोकळ्यांत कोणती छटा कोणत्या छटेजवळ किती वेळा येते, हे मोजण्याची रीत रॉबर्ट हॅरॅलिक व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडली. ती त्यांनी वालुकाश्माच्या सूक्ष्मचित्रांवर आणि हवाई छायाचित्रांवर वापरून पाहिली होती. आता त्याच रीतीने गाठीच्या चित्रातून शेकडो आकडे काढतात. या पद्धतीला ‘रेडिओमिक्स’ म्हणतात आणि २०१२ पासून तिचा फार बोलबाला आहे. माझ्या मते थोडा अतिच. ६४ मुलांना प्रत्येकी सहा वेळा नाणेफेकीचा अंदाज करायला सांगा. सरासरीने एक मूल सहाही वेळा बरोबर येईल, पण म्हणून त्याला भविष्य कळते असे नाही. शंभरभर रोगी आणि हजार आकडे घेतले, तर काही आकडे निव्वळ योगायोगानेच ‘अचूक’ ठरतात. दुसऱ्या रुग्णालयातील, दुसऱ्या यंत्रावरील रोग्यांवर ते टिकतात का, हे पाहिल्याखेरीज त्यांवर कोणाचे मलाशय ठेवायचे की काढायचे, हे ठरवू नये.

आज गाठ गेल्याचा निर्णय बोट, दुर्बीण आणि एम.आर.आय. या तिन्हींचे मत जुळल्यावरच घेतात. तरीही देखरेखीखालील ८८० रोग्यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदींत दोन वर्षांत सुमारे २५ टक्के जणांची गाठ पुन्हा वाढलेली आढळली, बहुतेक वेळा आतड्याच्या भिंतीतच. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे रोग्याला दर तीन-चार महिन्यांनी तपासणीसाठी बोलावतात.