आपल्या घरातील न्हाणी : वृद्धांसाठी व दिव्यांगांसाठी

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक लहानसा प्रसंग नोंदलेला आहे. वार्धक्याने थकलेला एक भिक्खू शौच आटोपून उठताना पडला. ही गोष्ट तथागतांच्या कानावर घालण्यात आली. जपून बसावे-उठावे असा उपदेश त्यांनी त्या भिक्खूला केला नाही, की वय झाले म्हणून विषय सोडून दिला नाही. धरून उठता येईल असा आधार तेथे ठेवण्याची त्यांनी अनुज्ञा दिली. पालीत त्याला ‘ओलंबक’ म्हटले आहे. स्नानगृहात चिखल होतो म्हणून जमिनीवर विटा, दगड किंवा लाकूड बसवावे, पाण्याला वाट काढावी, पायऱ्या चढताना माणसे पडतात म्हणून कठडा लावावा, अशाही अनुज्ञा त्याच प्रकरणात आहेत. आपण घर बांधताना बुद्धमूर्तीसाठी दर्शनी जागा आवर्जून राखतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आईवडिलांच्या संडासात असा एखादा ओलंबक लावलेला मात्र क्वचितच दृष्टीस पडतो.

नांदेड-लातूरकडील जुन्या घरात न्हाणी म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीचा चौकोन आणि भोवती आडोसा. पुढे सिमेंटची घरे झाली. रमाई आवास योजनेतून २६९ चौरस फुटांची घरकुले उभी राहिली. न्हाणी-संडास घराला लागून आले, ही मोठीच सोय झाली. पण पाणी घरात येऊ नये म्हणून न्हाणी पायरीभर खाली गेली आणि खालच्या टाकीमुळे संडास दोन-तीन पायऱ्या वर गेला. त्यातच हौसेने चकचकीत टाइल्स बसविल्या जातात. साबणाचे पाणी पडले की तरुण माणसाचाही पाय त्यावर ठरत नाही. शिवाय आपल्याकडे पाण्याचा भरवसा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. त्यामुळे पिंप, घागरी, बादल्या यांनी न्हाणीची निम्मी जागा व्यापलेली असते आणि म्हातारे माणूस त्यातून वाट काढीत, बादलीच्या काठाला हात टेकीत बसते. बादली आधार देत नाही, ती कलंडते.

या वयात पडणे म्हणजे नुसता मुका मार नव्हे. हाडे ठिसूळ झालेली असतात, विशेषतः स्त्रियांची. खुबा मोडला की अंथरूण धरावे लागते. मग पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो आणि चालते-फिरते माणूस काही महिन्यांत परावलंबी होते. मुलगा पुण्याला, सून कामावर, अशा घरात तर पडलेले माणूस तासन् तास तसेच राहते. त्यानंतर आपण दवाखान्यात जो खर्च करतो, त्याच्या मानाने न्हाणीची दुरुस्ती अगदी किरकोळ आहे.

पहिले काम आधाराच्या दांडीचे. टॉवेल वाळत घालण्याची नळी म्हणजे आधार नव्हे. ती दोन बारीक स्क्रूवर असते, पूर्ण भार पडताच उखडते आणि माणसाला घेऊनच खाली येते. एक इंची जी.आय. किंवा स्टीलचा पाइप वेल्डरकडून दोन्ही टोकांना वाकवून, रुंद पट्ट्या जोडून घ्यावा. भिंत व दांडी यांत चार सेंटीमीटर अंतर असावे. त्यापेक्षा जास्त ठेवले तर हात कोपरापर्यंत आत अडकतो. पक्क्या विटांच्या भिंतीत अँकर बोल्ट चांगले धरतात. पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत ते धरत नाहीत. तेथे बोल्ट आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टीवर आवळावा. दगड-मातीच्या जुन्या भिंतीवर तर मुळीच विसंबू नये. तेथे जमिनीत काँक्रीट भरून पाइपाचा खांब रोवावा. उंची साधारण २८ ते ३२ इंच सांगतात, पण खरे माप ज्याचे त्याचे असते. आईला त्या जागी बसवावे, उठायला सांगावे, तिचा हात आपोआप जेथे जाईल तेथे खडूने खूण करावी. अर्धांगाचा झटका आलेला असेल तर दांडी चांगल्या हाताच्या बाजूला हवी. ही चूक मिस्त्री हमखास करतात, कारण त्यांना भिंत सोयीची दिसते, माणूस दिसत नाही.

उकिडवे बसणे जमत नसेल तर कमोड बसवावा. बैठकीची उंची १८ इंचांच्या आसपास असली म्हणजे गुडघ्यांवर ताण येत नाही. लगेच फोडाफोडी नको असेल तर आहे त्या भांड्यावर ठेवण्याची लोखंडी कमोड खुर्ची मिळते, तिच्या पायांना रबरी टोप्या आहेत ना एवढे पाहावे. अंघोळही बसूनच करावी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची ओल्या फरशीवर सरकते. त्यापेक्षा भिंतीला लागून १८ इंच उंचीचा सिमेंटचा कट्टा बांधावा आणि बादली त्याच्या शेजारी स्टुलावर ठेवावी, म्हणजे तांब्या भरताना वाकावे लागत नाही. पाणी तापविण्याचा रॉड बादलीत असताना पाण्याला कोणीही हात लावू नये, आणि बटन म्हाताऱ्या माणसाने ओल्या हाताने बंद करावे अशी वेळ येऊ देऊ नये.

फरशी बदलायची असेल तर खरबरीत टाइल घ्यावी. शहाबादी असेल तर ती काढू नका, तिच्यावर पुन्हा टाकी मारून घ्या. आपल्या जुन्या गवंड्यांना हे काम उत्तम येते. आठवड्यातून एकदा शेवाळ घासून काढणे हे मात्र घरातील धडधाकट माणसाचे काम.

दाराबद्दल कोणी विचारच करीत नाही. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडले की त्याच्या अंगानेच दार अडते आणि बाहेरच्याला आत जाता येत नाही. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असे करावे व बाहेरूनही काढता येईल अशी कडी लावावी. अंथरुणापासून संडासापर्यंत रात्री एक झिरोचा दिवा असू द्यावा. संडास अंगणापलीकडे असेल तर वाटेत कमरेइतक्या उंचीवर पाइपाचा कठडा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपातून जे वाचले, त्यांत मणक्याला मार बसून कमरेखाली लुळे झालेलेही होते. तेव्हाची तरुण मुले-मुली आज उतारवयाकडे झुकली आहेत. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना दांडी पुरत नाही. त्यांना जागा लागते. सार्वजनिक इमारतींसाठी केंद्राच्या मानकांत दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर सांगितली आहे. घरी निदान ८० तरी साधावी. उंबरा काढून टाकावा. एक फूट चढायचे असेल तर उतार १२ फूट लांब हवा. खुर्ची आत वळण्यास पाच फुटांचा मोकळा चौक लागतो. लहान घरकुलात तो निघत नाही. तेव्हा न्हाणी व संडास यांमधली भिंत पाडून एकच खोली केल्यास बरीचशी जागा सापडते. मात्र छताचा भार त्या भिंतीवर आहे का, हे जाणकाराला दाखविल्याशिवाय हातोडा घालू नये.

खर्चाच्या बाबतीत, २०२४ साली राज्य शासनाने जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, मर्यादित उत्पन्नाच्या नागरिकांना साहित्यासाठी ३००० रुपयांची तरतूद होती व साहित्यात कमोड खुर्चीचाही समावेश होता. तिची सद्यःस्थिती समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावी.

काम झाले की मिस्त्रीला मजुरी देण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळून पाहावे. ती तसूभरही हलली तर बोल्ट पुन्हा काढायला लावावेत.