बी.ए. इंग्लिश केलं म्हणजे इंग्लिश बोलता येतं का?

बारावीचा निकाल लागला की गावागावांत हा विषय निघतोच. पोरीला आर्ट्सला जायचंय, मेजर विषय इंग्लिश घ्यायचाय. घरचे म्हणतात, "घे की, फाडफाड बोलायला तरी शिकशील." मग वर्षभराने तक्रार येते, एवढी फी भरली, गाडीभाडं गेलं, अजून पोरगी चार वाक्यं का बोलत नाही?

गल्लत इथेच होते. बोलायला शिकवणं हे स्पोकन इंग्लिशच्या क्लासचं काम. डिग्रीचा हेतू वेगळा आहे. कथा, कविता, नाटक बारकाईने वाचायचं, लिहिणाऱ्याने हाच शब्द का घेतला ते ओळखायचं आणि आपलं म्हणणं पुराव्यासकट स्वतःच्या वाक्यांत मांडायचं. बोलणंही त्यातून सुधारतं, पण हळूहळू.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. शरणकुमार लिंबाळे मूळचे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. त्यांचं 'अक्करमाशी' हे आत्मकथन १९८४ साली आलं. संतोष भूमकर यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापलं. आता सांगा, 'अक्करमाशी'ला इंग्लिशमध्ये काय म्हणणार? तोळा बारा माशांचा. अकराच मासे भरले तर तोळ्यात खोट. लग्नाबाहेर जन्मलेल्या लेकराला त्यावरून ही शिवी पडली. परदेशातल्या वाचकाला तोळा माहीत नाही आणि मासाही नाही.

भाषांतराचं नाव ठेवलं 'द आउटकास्ट'. त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'ई' आहे. तो नसता तर अर्थ झाला असता, समाजाने टाकलेला माणूस. 'ई' आल्यामुळे त्या शब्दात 'कास्ट', म्हणजे जात, उघड दिसते. जात आली, पण तोळ्या-माशाचा हिशोब गेला. बरोबर झालं की चूक? यावर वर्गात तासभर वाद घालता येतो, आणि साहित्य शिकणं म्हणजे तेच. या वादात अक्कलकोटकडचं पोरगं मागे पडायचं कारण नाही. शिवीचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

ही सवय पुस्तकाबाहेरही कामाला येते. इंग्लिशमधल्या करारात 'शॅल' असेल तर ते करावंच लागतं, 'मे' असेल तर समोरच्याच्या मर्जीवर. सांगोल्याचं डाळिंब बाहेर पाठवणाऱ्याला मालाच्या तक्रारीवर चार ओळींचा नेमका मेल लिहिता आला पाहिजे. फाडफाड बोलणाऱ्याला तो लिहिता येईलच असं नाही.

नोकरीचं आधीच सांगितलेलं बरं. नुसत्या बी.ए.वर फारसं काही हाती लागत नाही. शाळेत शिकवायचं तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा, सीनियर कॉलेजला एम.ए. करून नेट किंवा सेट. यूपीएससी मुख्य परीक्षेत इंग्लिशचा ३०० गुणांचा पेपर सक्तीचा असतो. त्यात २५ टक्के पडले नाहीत तर बाकीचे पेपर विचारात घेतलेच जात नाहीत. भाषांतर, मजकूर लेखन ही कामंही आहेत, पण तिथे डिग्रीपेक्षा हातातलं लिखाण बघतात.

आणि खरी अडचण गाईडची. मूळ पुस्तक न उघडता, बाजारातलं गाईड पाठ करून तीन वर्षं पास होता येतं. मार्कलिस्ट चांगली दिसते, पण पोराला अर्ज लिहायला सांगितला की ते गप्प. यात पोरांचा दोष कमी. पाठांतराला मार्क मिळत असतील तर ती पाठच करणार.

म्हणून ॲडमिशनला जाल तेव्हा फीबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. पहिल्या वर्षाच्या पोरांना लायब्ररीतून कादंबरी घरी मिळते का? वर्षात स्वतःच्या मनाने किती पानं लिहायला लावता, आणि ती लाल पेनाने तपासून परत देता का? जमलं तर दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या पोराची वहीच बघून या.