कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? आधी दुखणं ओळखा

जुलैत पीकविम्याची मुदत जवळ आली की औशातल्या सेवा केंद्रांवर रांग लागते. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडतो आणि रांगेतून सल्ले सुरू होतात. त्यातले चार नेहमीचे तपासून पाहू.

गैरसमज १ : निळा पडदा आला म्हणजे व्हायरस शिरला.
वस्तुस्थिती : १९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. कारण व्हायरस नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचंच अपडेट सदोष होतं. पडद्यावरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढा. दर वेळी तोच कोड आला तर आधी ड्रायव्हर तपासा. दर वेळी वेगळा आला तर रॅमवर संशय घ्या.

गैरसमज २ : फॉरमॅट मारला की सगळं ठीक होतं.
वस्तुस्थिती : फॉरमॅटने सॉफ्टवेअरचा बिघाड जातो, खराब रॅम सुधारत नाही. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक तपासणी फुकट आहे, ती आधी करा. मग वीज काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, सोनेरी दातांवर खोडरबर हलकेच फिरवा, भुसा झटका आणि खट्ट आवाज येईपर्यंत पट्टी दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा.

गैरसमज ३ : विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली म्हणजे एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) गेला.
वस्तुस्थिती : कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नाही, एवढंच ती नोंद सांगते. कारण ती सांगत नाही. शेतपंप सुरू झाल्यावर दिवे मंदावतात आणि त्याच वेळी मशीन रिस्टार्ट होतं का, ते बघा. तसं असेल तर यूपीएसची बॅटरी दमलेली असू शकते. सकाळी नीट चालून तासाभराने बंद पडत असेल तर उष्णतेकडे वळा. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात पंख्यावर धुळीचा थर आणि प्रोसेसरवरची पेस्ट चुन्यासारखी वाळलेली असली, तर मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. एसएमपीएस बदलण्याआधी दुसऱ्या चालू कॉम्प्युटरचा लावून खात्री करा.

गैरसमज ४ : जुन्या मशीनवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात.
वस्तुस्थिती : बिघाड कशात आहे, त्यावर ते ठरतं. सफाई, रॅम, एसएमपीएस किंवा एसएसडी एवढ्यावर भागत असेल तर दुरुस्ती परवडते. मदरबोर्ड गेला असेल तर थांबा. ढोबळ हिशेब असा : दुरुस्तीचा खर्च तशाच चांगल्या मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर नवं बघावं. शिवाय विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा मशीनवर मोठा खर्च टाळलेला बरा.

लातूरला दुरुस्तीला नेण्याआधी डेटा पेनड्राइव्हवर काढून घ्या, कोडचा फोटो कारागिराला दाखवा आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या.