गल्ल्यातला पैसा कुणाचा?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या वहीला हळदकुंकू लागते, पहिल्या पानावर 'श्री' उमटतो आणि खाली 'शुभ' व 'लाभ' लिहिले जाते. ही झाली व्यापाऱ्यांची रीत. पण आपल्या घराचे दिवे लावून देणारा वायरमन, नळ दुरुस्त करणारा प्लंबर, कोपऱ्यावरचा शिंपी, घरच्या घरी फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या वहिनी यांच्याकडे वही असते कुठे? त्यांचा हिशेब डोक्यात आणि पैसा खिशात. दिवाळीच्या आधीचा महिनाभर यांना जेवायला उसंत नसते, आणि तुळशीचे लग्न लागते न लागते तोच घरात प्रश्न निघतो, "एवढे राबलो, मग पैसा गेला कुठे?"

या प्रश्नाचे खरे उत्तर जरा कडू आहे. पैसा कुठेच गेला नाही. त्यातला बराचसा आपला नव्हताच!

खिशातले बेचाळीस हजार

उदाहरणच घेऊ. समजा, एका वायरमनने महिन्यात ७०,००० रुपयांची बिले केली. त्यांपैकी ५८,००० हाती आले, १२,००० येणे राहिले. हाताखालच्या पोराला १२,००० रुपये दिले. स्कूटरचे पेट्रोल आणि फोन यांत ४,००० गेले. महिनाअखेर खिशात उरले ४२,०००. आता मुलाच्या क्लासची २५,००० रुपये फी भरायची आहे. बाबांच्या खिशात पैसे आहेत, भरली फी!

पण वायर, स्विचे, बोर्ड असा २४,००० रुपयांचा माल इलेक्ट्रिकच्या दुकानातून खात्यावर आणलेला आहे, तो पैसा दुकानदाराचा. ड्रिल मशीन आणि हत्यारे दोन-तीन वर्षांत झिजून नवी घ्यावी लागतात. त्या घसाऱ्यापोटी महिन्याला २,००० बाजूला पडायला हवेत. म्हणजे बेचाळीस हजारांतले सव्वीस हजार परक्याचे. आपले म्हणता येतील ते फक्त १६,०००. बिलांच्या हिशेबाने या गृहस्थाचा नफा २८,००० आहे, हे खरे. पण त्यातले बारा हजार अजून लोकांच्या घरी आहेत! पंचवीस हजारांची फी भरली की दुकानदाराचे नऊ हजार अडकतात, पुढच्या महिन्यात तो माल देताना कुरकुरतो, आणि हातात काम असूनही कामावर जाता येत नाही. धंदा बुडतो तो बहुधा असा, काम कमी म्हणून नव्हे.

मालकाने पगार घ्यावा

यावरचा उपाय जुनाच आहे. घर वेगळे, धंदा वेगळा. बँकेत धंद्याचे निराळे खाते काढावे, गिऱ्हाइकाचे सर्व पैसे त्याच खात्यात यावेत, आणि मालकाने स्वतःला दरमहा ठरावीक तारखेला ठरावीक पगार द्यावा. पगाराचा आकडा चांगल्या महिन्यावरून ठरवू नये. वर्षातले मंदीचे महिने पाहून ठरवावा. लग्नसराईत शिंप्याला दिवस पुरत नाही आणि पितृपक्षात यंत्रावर धूळ बसते. लग्नसराईतली जादा कमाई खात्यात राहिली, तरच पितृपक्षातला पगार वेळेवर निघेल. नोकरदाराच्या घरात जी निश्चिंती पहिल्या तारखेला येते, ती धंदेवाईकाच्या घरातही आणता येते. फक्त मालकाने थोडे दिवस आपला नोकर व्हायला हवे.

वेगळ्या खात्याचा आणखी एक फायदा अलीकडे कळून चुकला आहे. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयने जमा झालेल्या रकमांवरून अनेक लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. काहींनी घाबरून यूपीआयचे फलकच काढून टाकले. भावाने पाठवलेले पैसे, मित्राने परत केलेले उसने आणि गिऱ्हाइकाचे बिल ही सारी एकाच खात्यात पडत असतील, तर उलाढाल कोणती आणि घरोबा कोणता हे नंतर कुणाला आणि कसे पटवायचे?

रोजचा पाव तास

हिशेब म्हटला की पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. वास्तविक एकट्याच्या धंद्याला दोन वह्या आणि एक फाईल पुरते. पहिली वही रोजकीर्द : आज काय आले, काय गेले, शिल्लक किती. दुसरी उधारीची : प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान, तारीख आणि रक्कम. फाईलमध्ये आपल्या बिलांच्या स्थळप्रती आणि खरेदीच्या पावत्या. वहीऐवजी मोबाईल वापरलात तरी हरकत नाही. मात्र लिहायचे ते रोज, रात्रीच्या जेवणाआधी. आठवड्याचा हिशेब रविवारी आठवून लिहिणे म्हणजे हिशेब नव्हे, कादंबरी!

वही लिहू लागल्यावर पहिला शोध लागतो तो आपल्या दराचा. फराळ करणाऱ्या वहिनी बेसन, तूप, साखर, वेलदोडे यांची किंमत चोख धरतात. पण गॅस, डबे, घरपोच पाठवण्याची रिक्षा आणि स्वतःचे सहा तास धरायचे राहून जातात. प्लंबरही नळ बसवायचा अर्धा तास मोजतो. जागा पाहायला गेलेला तास आणि वॉशर आणायला गेलेला तास मोजत नाही. ज्या कामाचा दर या सर्व गोष्टी धरून बसत नाही, ते काम कितीही मिळाले तरी तोटाच वाढवते.

उधारीचे पोते

'उधारीचे पोते सव्वा हात रिते', असे आपले वाडवडील सांगून गेले. शेजारधर्मापायी थोडी उधारी चालायचीच. पण मोठ्या कामाला मालाचे पैसे आगाऊ घेण्यात संकोच कसला? काम सुरू करण्यापूर्वी काय करायचे, किती रुपयांत आणि पैसे केव्हा, हे चार ओळींत लिहून दोघांनी सही करावी. तंटे बहुधा तोंडी ठरलेल्या कामांतूनच निघतात.

कंपन्यांना माल वा सेवा पुरवणाऱ्यांच्या मदतीला तर कायदाही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पैसे अडकल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. यासाठी 'उद्यम' नोंदणी करून ठेवावी. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले, तर तो दलाल आहे असे समजावे.

कराचा बागुलबुवा

आता ज्या शब्दाने सर्वांना घाम फुटतो, त्या कराकडे वळू. जुन्या काळी व्यापाऱ्याला दिवाळी ते दिवाळी असाही हिशेब ठेवता येई. १९८९ पासून प्राप्तिकरासाठी सर्वांचे वर्ष एकच, एप्रिल ते मार्च. तेव्हा वहीची पूजा दिवाळीत करा, पण बेरीज मार्चअखेरची मारा.

लहान धंद्यांसाठी प्राप्तिकरात एक सोय आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, तर रोख जमेवर किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. (डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांचे नियम निराळे आहेत आणि दलालीच्या कमाईला ही सोय लागू नाही.) इथे 'किमान' हा शब्द विसरू नये. आपल्या वायरमनची वर्षाची बिले झाली ८,४०,००० रुपयांची. सगळे पैसे बँकेतून आले असे धरून सहा टक्क्यांनी नफा दाखवला ५०,४००. म्हणजे महिन्याला ४,२०० रुपये! खरा नफा आहे ३,३६,०००.

आता गंमत पाहा. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत करच नाही, आणि सर्वसाधारण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्यावर येतो. म्हणजे उत्पन्न पन्नास हजार दाखवा की खरे तीन लाख छत्तीस हजार, कर दोन्हीकडे शून्यच! मग स्वतःला कागदावर कंगाल करून मिळवले काय?

जीएसटीचेही तसेच. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. मात्र नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावून पैसे घेणे हा गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे. उलाढाल या मर्यादेजवळ आली, की चांगल्या चार्टर्ड अकाउंटंटला भेटावे. त्याची फी दंडापेक्षा नेहमीच कमी असते.

कागद बोलतो

हे सारे खटाटोप सरकारसाठी नाहीत. घरासाठी कर्ज मागायला जा. बँक तुमच्या हाताचे कसब पाहत नाही, मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पाहते. महिन्याला बेचाळीसशे रुपये मिळवणाऱ्याला कर्ज कोण देणार? आयुर्विमा किती रकमेचा द्यायचा, हेही विमा कंपनी उत्पन्नाच्या कागदांवरूनच ठरवते.

सणाच्या दिवसांत अभद्र बोलू नये, पण संसार करणाऱ्याने हेही ऐकून ठेवावे. रस्त्यावरच्या अपघातात कर्ता माणूस गेला, तर न्यायाधिकरण कुटुंबाची भरपाई त्याच्या उत्पन्नावरून काढते, आणि त्या वेळी प्राप्तिकराचे विवरणपत्र हा मोठा पुरावा मानला जातो. तो नसेल, तर पुष्कळदा किमान वेतनासारख्या ठोकताळ्यावर भागवले जाते. ज्याने आयुष्यभर उत्तम कमावले, त्याच्या बायकामुलांना मजुराच्या हिशेबाने पैसे मिळतात. कारण त्याची कमाई कुठे लिहिलेलीच नसते.

म्हणून वही घरच्यांपासून लपवू नये. रोजकीर्द नवऱ्याने लिहिली तर बेरीज बायकोने तपासावी, तिचा धंदा असेल तर त्याने तपासावी. कॉलेजातल्या मुलीला उधारीची वही सांभाळायला द्यावी. कुणाकडून किती येणे, कुणाला किती देणे, बँकेचे खाते कोणते, वारस म्हणून नाव कुणाचे, हे घरातल्या दोन माणसांना तरी तोंडपाठ असावे. या पाडव्याला एक साधी दोनशे पानी वही आणा, पहिल्या पानावर आजची शिल्लक लिहा, आणि तिच्यातले किती खरोखर आपले, ते खाली मांडा. आकडा लहान निघाला तरी खट्टू होऊ नका. निदान तो खरा असेल.