पश्चिमेच्या खिडकीला कोणती काच?

नागपुरात मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीजवळ बसून पाहा. एसी चालू असला तरी अंगाला झळ लागते. घर घेताना आपण टाइल्स, नळ, बेसिन निरखून बघतो. काच मात्र बिल्डर लावेल ती. आणि खिडक्या बदलायला निघालो, की दुकानदार लगेच ‘डबल ग्लास घ्या’ म्हणतो. आपल्याकडच्या उन्हाला हा सल्ला पुरत नाही.

काचेतून उष्णता दोन वाटांनी आत येते. बाहेरच्या तापलेल्या हवेची उष्णता काचेतून झिरपते, तिचं माप यू-व्हॅल्यू. काचेवर पडलेल्या उन्हातला किती वाटा घरात उतरतो, ते सांगतो एसएचजीसी. हा आकडा ० ते १ च्या दरम्यान असतो. दोन्ही आकडे जितके कमी, तितकी उष्णता कमी.

साध्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू साधारण ५.८ आणि एसएचजीसी ०.८ च्या आसपास. बाहेर ४५ अंश आणि आत २५ असेल, तर एक चौरस मीटर काचेतून ११६ वॅट झिरपतात. तिच्यावर ६०० वॅटचं ऊन पडलं, तर त्यातले ४८० आत येतात. साधी दुहेरी काच लावल्यावर झिरपणं निम्म्यावर येतं, पण तिचा एसएचजीसी ०.७ च्या आसपास असतो. म्हणजे उन्हाचे ४२० वॅट येतच राहतात. ०.३ एसएचजीसीची काच तेच १८० वर आणते. म्हणून पैसे आधी या आकड्यावर खर्च करावेत.

हा आकडा खाली आणतो तो लो-ई काचेवरचा चांदीचा अतिशय पातळ थर. प्रकाश बराचसा आत सोडून तो उन्हातली अदृश्य उष्णता परतवतो. हवा लागली की हा थर खराब होतो, म्हणून तो दोन काचांमधल्या बंद पोकळीत ठेवतात. आपल्या हवेत तो बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. बसवलेली काच तपासायची तर रात्री आतून लायटर पेटवून काचेजवळ धरा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील. तुमच्याकडून मोजता तिसऱ्याचा रंग वेगळा असेल, तर थर योग्य जागी आहे.

सगळ्या खिडक्यांना ही महागडी काच लावायची गरज नाही. दक्षिणेचं ऊन उन्हाळ्यात डोक्यावर असतं, साधा छज्जाही ते अडवतो. संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं, छज्ज्याखालून थेट पलंगापर्यंत येणारं. खर्च तिथे करा. बाहेरून वाळ्याची ताटी किंवा बांबूची चिक लावता आली, तर त्याहून उत्तम, कारण आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात शिरलेलंच असतं.

काळपट काच मला पटत नाही. ती ऊन शोषून स्वतः तापते आणि खोली अंधारी करते. मग भरदिवसा दिवा लागतो. किती प्रकाश आत येतो, ते व्हीएलटी सांगतो. घरांसाठीच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त भिंतींच्या तुलनेत खिडक्या कमी असलेल्या इमारतींना तो किमान ०.२७ ठेवायला सांगितला आहे.

मुंबई-कोकणात गणित बदलतं. तिथे वारा हवा आणि खिडकी उघडी असताना काचेची यू-व्हॅल्यू कामाची नाही. दोन झडपांची सरकती खिडकी अर्धीच उघडते. बिजागरीची जवळजवळ पूर्ण. दिवसभर एसी न लावणाऱ्या घराने दुहेरी काचेचे पैसे अशा खिडक्यांवर आणि बाहेरच्या सावलीवर घालावेत.

कोटेशनमध्ये नुसतं ‘एनर्जी सेव्हिंग ग्लास’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. एसएचजीसी, यू-व्हॅल्यू आणि व्हीएलटी हे तिन्ही आकडे लेखी मागा, आणि ते हातात पडल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.