खोक्यावरचे ‘जीबी’ पाहून ग्राफिक्स कार्ड घेऊ नका

कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवायला निघालेला माणूस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, कार्डाबद्दल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती जीबीचं?’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज याच प्रश्नात आहे. जास्त जीबी म्हणजे जास्त वेग, असं धरून चालणं चूक आहे. कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, ही गेमची चित्रं हाताशी ठेवायची जागा. ती कमी पडली तर गेम अडखळतो, हे खरं. पण गरजेपेक्षा जास्त जागा दिली म्हणून ती चित्रं रंगवणारी चिप वेगवान होत नाही.

जीटी ७३० हे मूळ २०१४ चं कार्ड. डीडीआर३ मेमरीची त्याची चार जीबीची आवृत्तीही मिळते. जीटीएक्स १६५० वरही मेमरी चार जीबीच असते. मात्र पहिल्यात जास्तीत जास्त ३८४ कोअर, दुसऱ्यात ८९६. शिवाय १६५० ची मेमरी सेकंदाला १२८ जीबी किंवा त्याहून जास्त माहिती पुरवते. डीडीआर३ त्याच्या जवळपासही जात नाही. जीबीचा आकडा सारखा असला तरी गेममधला फरक जमीन-अस्मानाचा. म्हणून जीबीच्या आधी चिप कोणती, मेमरीचा प्रकार कोणता आणि बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधली वाट, किती बिटची, हे विचारा.

नाव सारखं म्हणजे कार्ड सारखं, ही समजूतही तितकीच घातक आहे, आणि तिचा दोष ग्राहकाकडे जात नाही. जीटी १०३० आलं २०१७ मध्ये, जीडीडीआर५ मेमरी घेऊन. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ ची आवृत्ती निघाली. पहिलीचा मेमरी वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसरीचा १७ सुद्धा नाही. खोक्यावर नाव मात्र तेच! आरटीएक्स ३०५० चंही तसंच. २०२२ च्या आठ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस. २०२४ च्या सहा जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिट. वाचणाऱ्याला वाटतं, फक्त दोन जीबी कमी. आरएक्स ५८० घेताना पुढे ‘२०४८ एसपी’ लिहिलंय का ते पाहा. मूळ ५८० मध्ये २३०४ कोअर आहेत, हे कापलेलं कार्ड आहे. ग्राहकाला अंधारात ठेवणारी ही नावं कंपन्यांनी थांबवायला हवीत.

नवं कार्ड जुन्या पीसीत पूर्ण वेगाने चालेलच, असंही नाही. आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन वापरतं. पीसीआय ३.० च्या मदरबोर्डवर त्या लेनचा वेग निम्मा होतो, आणि चार जीबी मेमरी भरली की गेममध्ये ते जाणवतं. आरएक्स ६६०० आठ लेन वापरतं, मेमरीही आठ जीबी. १०८० पीवर खेळायचं आणि थोडे पैसे वाढवता येत असतील, तर माझं मत त्याच्याच बाजूने.

कॅबिनेटसोबत मिळालेला स्वस्त पॉवर सप्लाय ‘४५० वॅट’ लिहिलाय म्हणून पुरेल, हा विश्वास कृपा करून ठेवू नका. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढे सहा पिनांची जोडणी ७५ आणि आठ पिनांची १५०. आरएक्स ६६०० ला आठ पिनांची केबल लागते. ती नसलेल्या जुन्या ऑफिस पीसीत सहा जीबीचं ३०५० बसतं, कारण ते ७० वॅटवर चालतं. इथे हेच कापलेलं कार्ड योग्य ठरतं. १६५० ची काही मॉडेलं मात्र सहा पिनांची जोडणी मागतात.

क्रिप्टोकरन्सीच्या मायनिंगला वापरलेलं सेकंडहँड कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, असं सरसकट म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोकरन्सीने पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांनी त्याचं मायनिंग थांबलं. त्यातली बरीच कार्डं बाजारात आली. त्यांचे पंखे आणि थर्मल पेस्ट आधी थकतात. विक्रेत्यासमोर अर्धा तास गेम चालवा, तापमान पाहा. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की नाव बदललेली बनावट कार्डंही बहुधा पकडली जातात.

आणि प्रत्येकाला कार्ड लागतंच असं नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकपुरतं रायझन ५ ५६००जी मधलं अंगभूत ग्राफिक्स चालतं. फक्त रॅमच्या दोन पट्ट्या लावा, एक नको. उलट इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ आहे, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं.

पैसे देण्याआधी कार्डाचं पूर्ण नाव, मेमरीचा प्रकार आणि सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल, तर दुसरं दुकान गाठा.